चाती, कांडी आणि गाठ : सूतयंत्रावरील कामाची परिभाषा

कोणत्याही व्यवसायाची परिभाषा ही त्या व्यवसायातील श्रमविभागणीचा आलेख असते, हे विधान भाषाभ्यासकांना नवे नाही. तथापि मराठीच्या संदर्भात ते बहुधा शेती, बलुतेदारी किंवा हातकारागिरी यांच्यापुरतेच तपासले गेले आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या बोलींच्या पाहणीतील ग्रंथांची नुसती नावे पाहिली, तरी तेथे बोलीचे एकक स्थळ किंवा समाज हे आहे, असे दिसून येते. यंत्राभोवती उभी राहणारी बोली मात्र एका गावाची नसते आणि एका जातीचीही नसते. ती पाळीबरोबर सुरू होते व पाळीबरोबर संपते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील सूतकताई व सूतगुंडाळणी यांचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो. यंत्र आल्यावर जुने शब्द गेले व नवे आले, इतकेच येथे घडलेले नाही. जेथे मनुष्याचा हात शिल्लक राहिला तेथे बहुधा मराठी शब्द टिकला, आणि जेथे यंत्र स्वतः काम करू लागले तेथे परका शब्द आला, असा एक साधा पण महत्त्वाचा नियम येथे प्रत्ययास येतो. तो कसा, हे पाहण्यासाठी प्रथम कामाचे स्वरूप समजून घेणे अवश्य आहे.

हा प्रदेश भाषिकदृष्ट्या एकसंध आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागांत मेंढ्यांची लोकर कातून घोंगडी विणण्याची परंपरा जुनी आहे. सांगलीतील गजानन मिल व शेजारच्या माधवनगरची कापडगिरणी यांनी या भागाला गिरणीकामाची ओळख करून दिली. पुढे विटे व माधवनगर येथे यंत्रमाग वाढले, आणि इस्लामपूर, तासगाव, कडेगाव या परिसरांत सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या. यांखेरीज साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कामगारांची परंपरा आहेच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांपैकी अनेकजण गावी परतले. त्यांच्याबरोबर मुंबईच्या गिरणीतील ‘खाते’, ‘पाळी’, ‘बदली’, ‘भोंगा’ हे शब्दही गावच्या बोलण्यात येऊन राहिले.

कातणे या क्रियेत तीन क्रिया सामावलेल्या आहेत : तंतू ओढून बारीक करणे, त्याला पीळ देणे आणि तयार झालेले सूत गुंडाळणे. ‘कातणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘कृत्’ या धातूपासून आलेले आहे. संस्कृतात ‘कृत्’ असे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे असा असून त्याची परंपरा ‘कातर’, ‘कातरणे’ या शब्दांत दिसते, तर दुसऱ्याचा अर्थ कातणे असा आहे. मराठीत दोहोंची रूपे इतकी जवळ आली आहेत, की एकीकडे धागा तोडणारी व दुसरीकडे धागा घडविणारी अशा परस्परविरुद्ध क्रिया एकाच घरच्या वाटाव्यात.

टकळीवर किंवा रहाटावर कातणारी स्त्री या तिन्ही क्रिया स्वतः करते. उजव्या हाताने चाक फिरते, डावा हात पेळू धरून मागे जातो. त्या मागे जाण्यातच ओढ व पीळ ही दोन्ही कामे होतात. हात पुरा लांबला की ती क्षणभर थांबते, चाक किंचित उलटे फिरवून चातीच्या टोकावरील वेढे सोडविते आणि मग हात पुढे आणीत सूत चातीवर गुंडाळते. म्हणजे कातणे व गुंडाळणे ही कामे एकामागून एक, श्वासोच्छ्वासासारखी चालतात. सूत जाड होते की बारीक, पीळ पुरेसा बसला की नाही, याचा निर्णय बोटांच्या स्पर्शावर होतो. ‘पीळ’ हा शब्द मराठी मनात किती खोल रुजला आहे, याची साक्ष सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण देते.

गिरणीतील रिंग फ्रेम या यंत्राने या तीन क्रिया तीन अवयवांकडे सोपविल्या. ओढण्याचे काम रुळांच्या जोड्या करतात. मागील जोडीपेक्षा पुढील जोडी अधिक वेगाने फिरते व या वेगांच्या फरकाने जाड वात ताणली जाऊन बारीक होते. पीळ देण्याचे काम चाती करते. गुंडाळण्याचे काम मात्र एका नखाएवढ्या तारेच्या कडीवर सोपविलेले आहे. तिला ट्रॅव्हलर म्हणतात. चातीभोवती बसविलेल्या पोलादी कड्यावर, म्हणजे रिंगवर, ही कडी सुताच्या ओढीने फिरते, पण घर्षणामुळे चातीच्या किंचित मागे राहते. या मागे राहण्यातूनच सूत बॉबिनवर गुंडाळले जाते.

एका हिशेबाने हे स्पष्ट होईल. चाती मिनिटाला १६,००० फेरे घेत असेल आणि पुढील रुळांतून मिनिटाला १६ मीटर सूत बाहेर पडत असेल, तर दर मीटरला सुमारे १,००० पीळ बसतात. चाळीस नंबरच्या सुताला साधारणतः इतकाच पीळ लागतो. ते १६ मीटर सूत ८ सेंटिमीटर घेराच्या बॉबिनवर गुंडाळावयाचे, तर २०० वेढे हवेत. म्हणून ट्रॅव्हलर चातीपेक्षा मिनिटाला २०० फेरे कमी घेतो. रहाटावर आळीपाळीने होणाऱ्या दोन क्रिया येथे अखंड व एकाच वेळी होतात. सुताचा ‘नंबर’ म्हणजे त्याच्या बारीकपणाचे माप होय : एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा नंबर. यंत्रयुगाच्या या मापातही ‘लड’ हा हातकामाचा शब्द टिकून राहिला आहे.

मग यंत्रावरील मनुष्य काय करतो? सर्व काही सुरळीत चालले असता तो काहीच करीत नाही, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तो चालत असतो. दोन यंत्रांमधील चिंचोळ्या वाटेने शेकडो चात्यांवर नजर ठेवीत तो येरझारा घालतो व तुटलेली तार शोधतो. तार तुटली तरी यंत्र थांबत नाही. पुढील रुळांतून तंतू येतच राहतात व हवेच्या ओढीने नळीत जाऊन वाया जातात. कामगाराने ती एक चाती रोखावयाची, बॉबिनवरील सुताचे टोक शोधावयाचे, ते ट्रॅव्हलरमध्ये ओवावयाचे, वरच्या कडीतून घ्यावयाचे आणि चाती सोडता सोडता ते टोक पुढील रुळाच्या तोंडाशी येणाऱ्या तंतूंना नेमके भिडवावयाचे. भिडविण्याचा हा क्षण निमिषाचा असतो. लवकर भिडविले तर पीळ पोहोचत नाही, उशीर झाला तर सुतात जाड गाठाळ भाग राहतो. ही क्रिया शब्दांनी शिकविता येत नाही. जुना कामगार नव्याचा हात धरून ती शिकवितो.

बॉबिन भरल्यावर सगळे यंत्र थांबवून भरलेल्या बॉबिनी काढणे व रिकाम्या चढविणे हे काम वेगळे आहे. चाळीस नंबरचे ५० ग्रॅम सूत म्हणजे सुमारे ३,४०० मीटर लांबी होते. वरील वेगाने ते भरण्यास साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे एका पाळीत ही वेळ दोनदा येते. त्या वेळी यंत्र थांबलेले असल्याने ही माणसे घाईत असतात, आणि यंत्र चालू झाल्यावर एकाच वेळी अनेक तारा तुटलेल्या असल्याने तारा जोडणारा घाईत असतो. खात्यातील हवा सूत तुटू नये म्हणून दमट व उबदार ठेवलेली असते. तंतूंची धूळ नाकातोंडात जाते. दीर्घकाळच्या संसर्गाने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार जडतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे. यंत्राचा आवाज इतका असतो, की बोलणे खुणांनी चालते. ज्या कामाची परिभाषा येथे विचारात घेतली आहे, ती बोलली जाते बहुधा कामाच्या बाहेर, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

यानंतरची पायरी गुंडाळणीची, म्हणजे वाइंडिंगची. बॉबिनवरील सूत थोडे असते व त्यात दोषही असतात. ते जाड-बारीक भाग काढून टाकून कोनावर भरावयाचे असते. पावणेदोन-दोन किलोंचा कोन भरण्यासाठी पन्नास ग्रॅमच्या पस्तीस-चाळीस बॉबिनी रिकाम्या होतात, आणि प्रत्येक दोन बॉबिनींमध्ये एक सांधा येतो. दोष कापल्यावर येणारे सांधे निराळेच. जुन्या यंत्रांवर हा सांधा म्हणजे गाठ असे व ती वाइंडिंगवरील स्त्री हाताने किंवा हातात बसविलेल्या गाठयंत्राने मारीत असे. ही गाठ लहान, घट्ट आणि आखूड शेपटांची असावी लागते. मराठीत निरगाठ व सुरगाठ असा जो भेद आहे, त्याचे मर्म येथे पुरते उमगते. सुरगाठीसारखी सुटणारी गाठ चालत नाही. पण निरगाठही अशी हवी, की ती मागाच्या वहीतून व फणीच्या दातांतून न अडकता निघून जाईल. सांगलीजवळच्या गिरणीत बसलेली वाईट गाठ काही दिवसांनी विट्याच्या मागावर तार तोडते व तेथील विणकराचा माग थांबतो. ज्या स्त्रीने ती गाठ मारली, तिला हे कधी कळत नाही, आणि जो विणकर चिडतो, त्याला ती कोण हे माहीत नसते. दोघांना जोडणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे ते सूत.

यंत्रमागाच्या गावी गुंडाळणीचे आणखी एक काम होते : कांडी भरणे. आडवे सूत धोट्यात ठेवण्यासाठी ते लहानशा लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांडीवर गुंडाळतात. ती कांडी. ‘काण्ड’ या संस्कृत शब्दापासून आलेल्या ‘कांडे’ या शब्दाचे हे लघुत्वदर्शक रूप होय. हातमागावर घरातील मुले व वृद्ध स्त्रिया रहाटावर कांड्या भरीत. यंत्रमाग आल्यावर कांडी मशीन आले, पण कांडी हा शब्द राहिला, आणि काम करणारीला ‘कांडीवाली’ हे नाव मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी, जेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला, तेथील आणि सांगलीकडील यंत्रमागांची परिभाषा या बाबतीत एकच आहे.

आता या शब्दांची मांडणी करून पाहू. ‘चाती’ हा रहाटाच्या अवयवाचा शब्द गिरणीत केवळ टिकला नाही, तर गिरणीच्या आकाराचे माप बनला. २५,००० चात्यांची सूतगिरणी असे आपण म्हणतो, आणि त्या वाक्यात चाती ही वस्तू न राहता भांडवलाचे एकक होते. ‘तार’, ‘पीळ’, ‘लड’, ‘गाठ’, ‘कांडी’, ‘धोटा’, ‘वही’, ‘फणी’ हे शब्द टिकले. धागे वही व फणी यांतून ओवण्याच्या कामाला तर ‘वहिफणी’ असे समासरूप नाव मिळाले. ओढणे, ओवणे, सांधणे, गुंडाळणे, भरणे, सोडविणे ही सर्व क्रियापदे मराठीच राहिली. उलट रिंग, ट्रॅव्हलर, बॉबिन, कोन, बीम, सायझिंग हे शब्द इंग्रजीतून आले. यांपैकी बहुतेक नामे यंत्राच्या त्या भागांची किंवा यंत्रासाठीच घडविलेल्या वस्तूंची आहेत, ज्यांना हातकामात प्रतिरूप नव्हते. सायझिंगसारखा अपवादही याच नियमाची दुसरी बाजू दाखवितो. उभ्या सुताला खळ लावण्याच्या हातकामाला मराठीत ‘पांजणी’ हा शब्द होता. ते काम हातातून जाऊन बंद यंत्रात गेले तेव्हा शब्दही बदलला. खळ मात्र शिजवावी लागत असल्याने ‘खळ’ हा शब्द राहिला.

आलेल्या शब्दांनाही मराठीने आपले नियम लावले. ‘बीम’ हे नपुंसकलिंगी झाले व त्याचे अनेकवचन ‘बिमे’ असे झाले. ‘रीळ’चे ‘रिळे’ झाले. उपान्त्य दीर्घ इकार ऱ्हस्व होण्याचा हा नियम ‘खीळ-खिळी’सारख्या मूळ मराठी शब्दांचा आहे, आणि तो व्याकरण न शिकलेल्या कामगाराने परक्या शब्दावर बिनचूक चालविला. ‘कोन’ हा शब्द तर मराठीत आधीच भूमितीच्या अर्थाने होता. त्याच्या शेजारी त्याच लिंगाचा दुसरा ‘कोन’ येऊन बसला व कोणाचाही घोटाळा झाला नाही. परिभाषेतील शब्द कधी वस्तू नाहीशी झाल्यावरही उरतात. अहमदाबादच्या गिरण्यांत थ्रॉसल हे जुने यंत्र जाऊन रिंग आली, तरी खात्याचे नाव ‘थ्रॉसल खाते’ असेच चालू राहिले. थ्रॉसल हे इंग्रजीत एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव असून त्या यंत्राच्या गुणगुणण्यावरून ते पडले, असे सांगतात.

माणसांच्या नावांत झालेला बदल अधिक अर्थपूर्ण आहे. साळी, कोष्टी, सनगर, पिंजारी ही नावे कामाची असली तरी जन्माने मिळत व मरेपर्यंत सुटत नसत. ‘कांडीवाली’ हे नाव मात्र त्या कामापुरते असते. दुसऱ्या दिवशी दुसरे काम मिळाले की ते गळून पडते. ‘-वाला’, ‘-वाली’ या प्रत्ययाने नावाचा जातीशी असलेला सांधा तोडला, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच प्रत्ययाने त्या कामातील अधिकारही काढून घेतला. कोष्टी म्हटल्याने एक संपूर्ण विद्या सूचित होते, कांडीवाली म्हटल्याने केवळ एक वस्तू. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग व रिळिंग या स्त्रियांच्या खात्यांवरील मुकादमीण ‘नायकीण’ म्हणून ओळखली जाई. कामावर घेणे व काढणे तिच्या हाती असल्यामुळे तिचा दरारा मोठा होता. ‘नायक’ हा शब्द पुल्लिंगी असता मानाचा, परंतु मराठीत ‘नायकीण’ म्हणजे नाचगाण्यावर उपजीविका करणारी स्त्री असा अर्थ रूढ होता. गिरणीने त्या शब्दाला पुन्हा अधिकाराचा अर्थ दिला. स्त्रीच्या अधिकाराला भाषेत स्वतंत्र शब्द नव्हता, म्हणून असा वापरलेला शब्द पुन्हा वापरावा लागला.

हात आणि यंत्र यांच्या सीमारेषेचा प्रश्न याच भूमीत एकदा प्रत्यक्ष प्रयोगाच्या रूपाने उभा राहिला होता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्र खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालावे, स्त्रीला त्यावर आठ तास फारसे श्रम न होता काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी व ते वीस वर्षे टिकावे, अशा त्याच्या अटी होत्या. त्या वेळच्या औंध संस्थानातील व आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडी येथील कारखान्यातही असा चरखा सिद्ध करण्यात आला. परंतु सर्व अटी पुऱ्या करणारे यंत्र कोणाचेच ठरले नाही व पारितोषिक दिले गेले नाही. पुढे एकंबरनाथ यांचा अंबर चरखा आला. त्यात रूळ व रिंग ही गिरणीची तत्त्वे हाताने फिरणाऱ्या चाकाला जोडलेली होती. या अटींतील खरी अडचण भाषेच्या अंगानेही पाहता येते. यंत्र जितके जास्त करील तितके ते दुरुस्त करणाऱ्याच्या, म्हणजे परक्या शब्दांच्या, स्वाधीन होते. ते जितके कमी करील तितके कातणारीच्या बोटांच्या, म्हणजे तिच्या शब्दांच्या, स्वाधीन राहते. मधली जागा अरुंद असते.

ती जागा आता आणखी अरुंद झाली आहे. स्वयंचलित वाइंडिंग यंत्रात दोष यंत्रच हेरते, सूत यंत्रच कापते, आणि दोन टोके गाठ न मारता हवेच्या झोताने एकमेकांत पिळून सांधली जातात. त्या सांध्याला ‘स्प्लाइस’ म्हणतात. गाठ गेली तेव्हा गाठ मारण्याचे कौशल्यही गेले, आणि वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे शब्दही बदलला. धोट्याविना चालणाऱ्या मागांना आडवे सूत थेट कोनावरून मिळते. तेथे कांडी नाही, म्हणून कांडीवालीही नाही. यात हळहळण्यासारखे सर्वच आहे असे नाही. धूळ, दमटपणा व पाळीची येरझार यांपासून कोणाची सुटका होत असेल, तर शब्द गेल्याचे दुःख करणे योग्य नव्हे. प्रश्न निराळाच आहे. वेतनश्रेणी ठरविताना कामाची कुशल, अर्धकुशल व अकुशल अशी वर्गवारी केली जाते. ही वर्गवारी कागदावरील कामाच्या नावावरून होते, आणि नावे तर वर पाहिल्याप्रमाणे वस्तूवरून पडलेली असतात. ‘कांडी भरणे’ या दोन शब्दांत सुताचा ताण बोटांनी जोखणे, टोक शोधणे, गाठ मारणे, भरणीचा आकार राखणे या क्रिया दिसत नाहीत. त्या क्रियापदांत आहेत, आणि क्रियापदे कागदावर येत नाहीत.

१९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली व शासनव्यवहारासाठी परिभाषा घडविण्याचे मोठे कार्य सुरू झाले. त्या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि परिभाषा घडविण्याइतकेच ती टिपून घेणे हेही भाषाभ्यासकाचे काम होय. सातारा-सांगलीकडील गिरण्यांत व यंत्रमागांवर आयुष्य घालविलेली माणसे आज वृद्ध आहेत. त्यांची शब्दावली गोळा करताना नामांची यादी करून थांबू नये. तार तुटली म्हणजे काय करता, असा प्रश्न विचारावा आणि उत्तरातील प्रत्येक क्रियापद उतरून घ्यावे. सुतावरून स्वर्ग गाठावा, अशी मराठीत उपहासाची म्हण आहे. येथे स्वर्ग गाठावयाचा नाही. सुतावरून त्या सुताला हात लावणाऱ्या माणसापर्यंत पोहोचता आले, तरी पुरे आहे.